एएफएम ३७ : सीए फायनल ग्रुप एकचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी मूळची मराठवाड्यातली. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात आली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिली आणि एका मध्यम आकाराच्या सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे परीक्षेआधीची सक्तीची उमेदवारी, पूर्ण केली. फर्मचे काम मुख्यतः स्टॅच्युटरी ऑडिट, बँकांच्या शाखांचे ऑडिट आणि जीएसटी. कॉर्पोरेट फायनान्सच्या नावाखाली तिच्या हातून गेले ते एवढेच: कारखानदार अशिलांच्या कर्जप्रस्तावांसाठी सीएमए डेटा, म्हणजे बँकेला द्यायचे आकड्यांचे ठराविक तक्ते, भरणे. फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट, ऑप्शन, स्वॅप (दर बदलण्याची जोखीम हाताळण्याचे करार) या गोष्टी तिने फक्त मॉड्यूलमध्ये, म्हणजे सीए इन्स्टिट्यूटच्या पुस्तकात, पाहिल्या होत्या. गावोगावच्या बहुतेक आर्टिकल्सची स्थिती यापेक्षा वेगळी नसते, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवण्यासारखे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इन्स्टिट्यूटची नवी योजना १ जुलै २०२३ पासून आली आणि त्या अभ्यासक्रमाची पहिली फायनल मे २०२४ मध्ये झाली. आठ पेपरांचे सहा झाले, तीन-तीनचे दोन ग्रुप. ग्रुप एकमध्ये फायनान्शियल रिपोर्टिंग म्हणजे एफआर, ॲडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट म्हणजे एएफएम, आणि ऑडिट. पूर्वीच्या स्ट्रॅटेजिक फायनान्शियल मॅनेजमेंटची म्हणजे एसएफएमची जागा एएफएमने घेतली. एएफएमच्या शंभर मार्कांपैकी ३० एमसीक्यूचे म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांचे, तेही केस सिनॅरिओवर म्हणजे एखाद्या प्रसंगाच्या वर्णनावर आधारलेले. उरलेल्या ७० मार्कांत पहिला प्रश्न सक्तीचा आणि पुढच्या पाचांपैकी चार सोडवायचे, प्रत्येकी १४ मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही.

पास होण्यासाठी दोन अटी आहेत: प्रत्येक पेपरात किमान ४०, आणि ग्रुपची बेरीज किमान १५०. दुसरी अट सगळ्यांना पाठ असते, पण अभ्यासाचे तास वाटताना ती फार थोड्यांच्या डोक्यात असते.

आर्टिकलशिप संपल्यावर तिने सहा महिने घरखर्चातून पुण्यातच अभ्यास केला आणि मे २०२५ मध्ये फक्त ग्रुप एक दिला. सहा पेपर एकदम झेपणार नाहीत हा तिचा अंदाज रास्त होता.

अडचण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. एफआर ५२, एएफएम ३७, ऑडिट ५४. बेरीज १४३.

घरी आणि मैत्रिणींत एकच वाक्य फिरले, ‘तीन मार्कांनी ग्रुप गेला.’ हे हिशेबाने चुकीचे आहे. एएफएममध्ये ४० पडले असते तरी बेरीज १४६ झाली असती आणि ग्रुप राहिलाच असता. बाकी दोन पेपर तसेच धरले तर एएफएममध्ये ४४ हवे होते, म्हणजे खड्डा सात मार्कांचा होता. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढचा निर्णय त्यावरच अवलंबून होता. तीन मार्कांसाठी माणूस व्हेरिफिकेशनच्या आशेवर महिना घालवतो. सात मार्कांसाठी तयारीच बदलावी लागते.

व्हेरिफिकेशनबद्दल एक गैरसमज दरवर्षी नव्याने दूर करावा लागतो. त्यात बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहतात. उत्तराला दिलेले मार्क पुन्हा ठरवत नाहीत. फी पेपरमागे १०० रुपये. त्याऐवजी, किंवा त्यासोबत, ५०० रुपयांत उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवता येते. दोन्ही अर्जांची मुदत निकालापासून एक महिना. नापास झालेल्याला प्रत जास्त उपयोगी, कारण मार्क कुठे गेले ते तिच्यात दिसते.

दुसरी अडचण वेळेची. फायनल २०२५ पासून वर्षातून तीनदा होऊ लागली: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. त्यामुळे जुलैचा निकाल आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली परीक्षा यांच्यात जेमतेम आठ आठवडे उरतात, आणि फॉर्म भरण्याची मुदत निकालानंतर दोनेक आठवड्यांतच संपते. उत्तरपत्रिकेची प्रत हाती येईपर्यंत फॉर्मची तारीख उलटून गेलेली असते.

पुढे काय करता येत होते

तिच्या फर्ममधल्या एक पार्टनर रविवारी एएफएम शिकवतात. ती त्यांच्याकडे गेली. (पुढे त्यांचा उल्लेख मॅडम असाच केला आहे.) चार पर्याय मांडले गेले.

पहिला, सप्टेंबरला पुन्हा ग्रुप एक. वाचलेले ताजे आहे हा फायदा. आठ आठवड्यांत तीन पेपर पुन्हा उभे करायचे, हा धोका.

दुसरा, सप्टेंबर सोडून जानेवारीत दोन्ही ग्रुप एकदम. यामागे एक खरी सोय आहे: दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले आणि प्रत्येक पेपरात ४० आले, तर सहाही पेपर मिळून ६०० पैकी ३०० पुरतात. एका ग्रुपमधले जादा मार्क दुसऱ्याला उपयोगी पडतात. पण ही सोय ज्याचा एखादा पेपर ६५-७० पर्यंत जातो त्याच्यासाठी. तिचा मे महिन्यातला सर्वांत चांगला पेपर ५४ चा होता, ग्रुप दोनचे एकही पान उघडलेले नव्हते, आणि जादा मार्क येणार कुठून हे सांगता येत नव्हते.

तिसरा, एएफएमचा क्लास नव्याने लावायचा. घरच्यांचा कल इकडे होता. ‘ज्या विषयात नापास झाली त्याचा क्लास लाव’ हे बाहेरून सरळ दिसते. पूर्ण बॅचची रेकॉर्डेड लेक्चर्स शंभराहून अधिक तासांची. दीडपट वेगाने ऐकली तरी दिवसाला दोन तास धरून सव्वा महिना त्यातच जातो, आणि त्या काळात स्वतःच्या हाताने सोडवलेली गणिते जवळपास शून्य.

चौथा, फर्मने देऊ केलेली सेमी-क्वालिफाइडची (आर्टिकलशिप झालेल्या, पण सीए पूर्ण न झालेल्याची) नोकरी घेऊन सावकाश पुढच्या मे महिन्यात बसायचे. पुण्यातला खर्च कॉट, मेस आणि अभ्यासिका धरून महिन्याला नऊ-दहा हजार. वडिलांच्या पगारावर तो आणखी वर्षभर टाकायचा का, हा प्रश्न तिला अभ्यासापेक्षा जड जात होता. मॅडमनी तो टाळला नाही. नोकरी धरली तर दिवसाला तीन तास उरतील, आणि तीन तासांत एएफएमसारखा हाताचा विषय टिकत नाही, हे त्यांनी तिच्या वडिलांनाही फोनवर सांगितले.

पहिला निर्णय : फॉर्म भरून ठेवणे

एका ग्रुपची परीक्षा फी १,८०० रुपये. फॉर्म भरून बसली नाही तर १,८०० जातील. तिच्याकडे कुठल्याही पेपरचे एक्झेम्प्शन, म्हणजे तो पेपर पुन्हा न देण्याची सूट, नव्हते, त्यामुळे प्रयत्न वाया गेला तरी गमावण्यासारखे दुसरे काही नव्हते. (एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त पडून एक्झेम्प्शन मिळालेले असते, तर त्याची मुदत मोजून वेगळा विचार करावा लागला असता.) म्हणून फॉर्म लगेच भरायचा, आठवडाभरात निदान करायचे आणि मग सप्टेंबरला बसायचे की नाही ते ठरवायचे. एएफएमच्या प्रमाणित प्रतीचा अर्जही त्याच दिवशी केला. एफआर आणि ऑडिटचा केला नाही. हजार रुपये वाचवले. या हजार रुपयांकडे शेवटी परत यावे लागेल.

निदान

प्रत येईपर्यंत वाट पाहायची नव्हती. तिने मे महिन्याच्या पेपरातले तेच पाच वर्णनात्मक प्रश्न अभ्यासिकेत बसून पुन्हा सोडवले, घड्याळ न लावता. मॅडमनी इन्स्टिट्यूटच्या पद्धतीने, पायरीपायरीला मार्क देत ते तपासले. ७० पैकी ४४ झाले.

गेलेल्या २६ मार्कांची फोड अशी निघाली. थिअरी, १०. आकडा वाचण्यातली किंवा पायरीतली चूक, ९. संकल्पनाच माहीत नव्हती, ७. ही शेवटची सात मुख्यतः करन्सी स्वॅप आणि इंटरेस्ट रेट कॅप-फ्लोअर या दोनच ठिकाणची. क्लासचा प्रश्न इथे निकालात निघाला. सत्तर मार्कांपैकी सात मार्कांच्या अज्ञानासाठी शंभर तासांची लेक्चर्स ऐकण्यात अर्थ नव्हता.

मग परीक्षेत काय झाले? ऑगस्टमध्ये प्रत आली तेव्हा आतापर्यंतच्या अंदाजाला आकडे मिळाले. वर्णनात्मक पाच प्रश्नांना ७, ६, ६, ३ आणि १, एकूण २३. म्हणजे एमसीक्यूचे १४. तिच्या आठवणीप्रमाणे तिने एमसीक्यू आधी घेतले आणि त्यात सव्वा तास गेला. उरलेल्या १०५ मिनिटांत पाच प्रश्न. पहिल्या तिघांनी प्रत्येकी अठ्ठावीस मिनिटे खाल्ली, शेवटच्या दोघांसाठी मिळून एकवीस उरली. घरी ४४ आणि हॉलमध्ये २३, मधल्या २१ मार्कांचा मोठा वाटा या एकवीस मिनिटांत होता. पहिल्या तीन प्रश्नांतही घाईचे ओरखडे होते: तीन ठिकाणी वर्किंग नोट, म्हणजे आकडा कसा आला त्याची मांडणी, नाहीच, थेट उत्तराचा आकडा. तो चुकला की पायरीचे मार्क द्यायला परीक्षकाकडे काही उरत नाही.

एमसीक्यूत आणखी एक गोष्ट. तीन एमसीक्यू तिने कोरे ठेवले होते, कारण ‘नक्की माहीत नव्हते’. निगेटिव्ह मार्किंग नसताना कोरा गोल सोडण्याला काहीही समर्थन नाही.

एक गणित जवळून

पायरीची चूक म्हणजे काय, हे तिच्या वहीतल्या एका फॉरेक्स गणितावरून दिसेल. आकडे बदललेले आहेत, धाटणी तीच.

निर्यातदाराला तीन महिन्यांनी ५,००,००० डॉलर मिळणार आहेत. स्पॉट (आजचा दर; आधी बँकेचा खरेदीचा, मग विक्रीचा) ८५.२०/८५.३०, तीन महिन्यांचे स्वॅप पॉइंट (स्पॉट आणि फॉरवर्ड दरांतला फरक, पैशांत) ४०/५०. डॉलरचे कर्ज वार्षिक ६ टक्के, रुपयाची ठेव वार्षिक ७ टक्के. फॉरवर्ड कव्हर (तीन महिन्यांनंतरचा दर आजच बांधून घेणे) बरे की मनी मार्केट हेज (आज डॉलर कर्जाऊ घेऊन विकणे आणि रुपये ठेवीत टाकणे)?

स्वॅप पॉइंट चढते आहेत, म्हणून मिळवायचे: फॉरवर्ड ८५.६०/८५.८०. निर्यातदार डॉलर विकणार, म्हणजे बँक विकत घेणार, म्हणून दर ८५.६०. मिळतील ४,२८,००,००० रुपये. तिने ८५.८० धरला होता. तिथेच एक लाख रुपये हवेतून आले.

मनी मार्केटमध्ये आज इतकेच डॉलर उचलायचे की तीन महिन्यांनी व्याजासह ५,००,००० होतील. व्याज तिमाहीचे, दीड टक्का. ५,००,००० ÷ १.०१५ = ४,९२,६११ डॉलर. ते स्पॉटला ८५.२० ने विकून सुमारे ४,१९,७०,४४३ रुपये. रुपयाचे तिमाही व्याज १.७५ टक्के, म्हणून तीन महिन्यांनी सुमारे ४,२७,०४,९२६. फॉरवर्ड सुमारे ९५,००० रुपयांनी सरस.

तिने इथे १.०६ ने भागले होते. वार्षिक दर तिमाहीला लावला. पद्धत तिला पूर्ण येत होती, तोंडी विचारले तर ती न अडखळता सांगायची. म्हणून अशा चुकांवर ‘पुन्हा वाच’ हे औषध चालत नाही. औषध म्हणजे सवय: प्रश्न वाचतानाच समासात तीन गोष्टी लिहायच्या. कालावधी किती, दर वार्षिक की नाही, आणि बँक विकते आहे की घेते आहे. फॉरेक्सच्या प्रत्येक गणिताला हे तीन शब्द समासात आले नाहीत तर मॅडम उत्तर तपासतच नसत.

याच जातीच्या चुका इतर प्रकरणांतही निघाल्या. फॉरवर्ड रेट ॲग्रीमेंटमध्ये (पुढच्या मुदतीचा व्याजदर आज बांधणाऱ्या करारात) व्याजाचा फरक काढला, पण तो मुदतीच्या सुरुवातीलाच चुकता होतो म्हणून डिस्काउंट करायचा असतो, ते राहिले. कॅपिटल बजेटिंगमध्ये खरा दर १० टक्के आणि महागाई ५ टक्के असताना नाममात्र दर १५ धरला, १.१० × १.०५ ने येणारा १५.५ नाही. सर्टन्टी इक्विव्हॅलंट पद्धतीत जोखीम आधीच रोख प्रवाहातून काढलेली असते, तरी डिस्काउंटिंगला रिस्क-फ्री दराऐवजी कंपनीचा कॉस्ट ऑफ कॅपिटल लावला, म्हणजे जोखीम दोनदा वजा.

कॅल्क्युलेटर

हा भाग क्षुल्लक समजून सोडला जातो. सीए परीक्षेत साधा, १२ अंकांपर्यंतचा, आवाज न करणारा कॅल्क्युलेटरच चालतो. सायंटिफिक किंवा फायनान्शियल नाही. एएफएममध्ये घात, मुळे आणि ‘ई’ चे घात सतत लागतात आणि तक्ता हाताशी असेलच असे नाही. ती ॲन्युइटी फॅक्टर वर्षावर्षाने भागून कागदावर मांडायची. पाच वर्षांना दीड-दोन मिनिटे.

साध्या कॅल्क्युलेटरवर १ ÷ १.१२ करून बरोबरचे बटण पाच वेळा दाबले की पाच वर्षांचे फॅक्टर एकामागून एक येतात आणि जीटी (एकूण बेरजेचे बटण) दाबले की त्यांची बेरीज, ३.६०४८. पण कॅसिओच्या बऱ्याच मॉडेलांवर हे असे होत नाही, तिथे १.१२ लिहून भागाकाराचे बटण दोनदा दाबून १ आणि मग बरोबर. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रिणीचा ‘चांगला’ कॅल्क्युलेटर घेऊन गेलेल्यांची फजिती यातूनच होते.

‘ई’ चा ०.०८ वा घात हवा असेल तर ०.०८ ला ४०९६ ने भागायचे, १ मिळवायचा आणि आलेल्या संख्येचा बारा वेळा वर्ग करायचा. उत्तर १.०८३२९. ऑप्शनच्या किमतीला एवढी अचूकता पुरून उरते. रोज जेवणानंतर दहा मिनिटे फक्त बटणे. दोन आठवड्यांत हात बसला.

आठ आठवडे

दिवसाला दहा तास धरले: एएफएम पाच, एफआर तीन, ऑडिट दोन. जागा तीच अभ्यासिका, सकाळी सात ते रात्री नऊ, मधे मेस.

एएफएमची पंधरा प्रकरणे. एकही सोडायचे नाही असे ठरले, पण क्रम लावला. आधी फॉरेक्स, डेरिव्हेटिव्ह्ज, इंटरेस्ट रेट रिस्क, पोर्टफोलिओ, सिक्युरिटी व्हॅल्युएशन, बिझनेस व्हॅल्युएशन आणि मर्जर. मग म्युच्युअल फंड, ॲडव्हान्स्ड कॅपिटल बजेटिंग, इंटरनॅशनल फायनान्स. थिअरीची प्रकरणे (फायनान्शियल पॉलिसी, रिस्क मॅनेजमेंट, सिक्युरिटी ॲनालिसिस, सिक्युरिटायझेशन, स्टार्टअप फायनान्स) गणिताने डोके थकल्यावर, रोज संध्याकाळी तीस मिनिटे. मे महिन्यात याच भागाला ‘शेवटी बघू’ म्हटले होते. बहुतेक प्रश्नांत चार मार्कांचा थिअरीचा तुकडा असतो आणि तो पाच मिनिटांत लिहून होतो. एएफएममध्ये इतके स्वस्त मार्क दुसरीकडे नाहीत, तरी गणिताची मुले ते लिहायला कमीपणा मानतात.

मॉड्यूलमधली उदाहरणे आणि प्रकरणाखालचे प्रश्न पेनने सोडवायचे, उत्तर झाकून. नंतर आरटीपी, म्हणजे इन्स्टिट्यूटचे उजळणीचे प्रश्नसंच. उत्तर बघत ‘हो, हो, येतंय’ म्हणत पाने उलटण्याला पूर्ण बंदी. दर चुकीची एका ओळीत नोंद: काय धरले, काय धरायला हवे होते.

एमसीक्यूसाठी रोज सकाळी एक केस सिनॅरिओ, टायमर लावून. तीस मार्कांना पन्नास मिनिटे, म्हणजे दोन मार्कांच्या एका एमसीक्यूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास. चार मिनिटे झाली की जवळचा वाटेल तो पर्याय भरून पुढे. गोल त्याच क्षणी काळा करायचा. सगळे शेवटी करू म्हटले की ओळ सरकते. पहिल्या आठवड्यात तिला हे जमले नाही. अर्धवट गणित सोडून द्यायला तिचे मन धजत नसे. चौथ्या आठवड्यापर्यंत वेळ ५५ मिनिटांवर आला आणि तिथेच थांबला.

दुसरा निर्णय : मॉकनंतर

सहाव्या आठवड्यात तिने इन्स्टिट्यूटचे मॉक टेस्ट पेपर हॉलमध्ये बसून, तीन तास लावून दिले. एएफएम ४९, एफआर ४१, ऑडिट ४६. बेरीज १३६.

एएफएम बारा मार्कांनी चढला आणि बेरीज मे महिन्यापेक्षा सातने उतरली. एफआर न बघता सुटून गेला होता. कन्सॉलिडेशनमध्ये (कंपनीसमूहाच्या एकत्रित हिशेबात) नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टचे काम विसरली, इंड एएस १०९ या लेखा मानकात इफेक्टिव्ह इंटरेस्टचा तक्ता अर्धा राहिला. मे महिन्यात ५२ पडलेत म्हणजे ते ५२ कायमचे आपले, असे तिने (आणि तास वाटताना मॅडमनीही) गृहीत धरले होते.

दोन आठवडे हाती होते. तीन गोष्टींवर बोलणे झाले. प्रयत्न सोडून जानेवारी धरायचा का? नाही, कारण तीनही पेपर चाळीसच्या वर होते आणि कमी होते ते चौदा मार्क. एएफएम आणखी वर न्यायचे का? ४९ वरून ५५ ला जितके तास लागतील, त्यापेक्षा कमी तासांत एफआर ४१ वरून ४८ ला येईल, कारण तिथे विसरलेले आठवायचे होते, नवे शिकायचे नव्हते. तर तास बदलायचे: एफआर चार, एएफएम तीन, ऑडिट तीन. एएफएममध्ये आता नवीन गणित नाही, फक्त चुकांची वही, थिअरी आणि सकाळचे एमसीक्यू. ऑडिटमध्ये मॉकला मार्क गेले ते एसएची (ऑडिटच्या मानकांची) भाषा सैल लिहिल्यामुळे. म्हणून एसए ५७०, ७०१, ७०५ आणि ७०६ यांतले शब्द जसेच्या तसे लिहिण्याचा सराव.

परीक्षा आणि निकाल

एएफएमच्या दिवशी वाचनासाठीच्या पंधरा मिनिटांत तिने वैकल्पिक पाचांपैकी कोणता प्रश्न टाकायचा ते ठरवले आणि बाकीच्यांचा क्रम लावला. आधी हातचे दोन वर्णनात्मक प्रश्न, पन्नास मिनिटे. मग एमसीक्यू, पंचावन्न. उरलेल्या सव्वा तासात तीन प्रश्न. शेवटच्यातला एक सहा मार्कांचा तुकडा राहिला, त्याचे सूत्र आणि पहिल्या दोन वर्किंग नोट लिहून झाल्या. एकही गोल कोरा नव्हता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला निकाल लागला. एफआर ४७, एएफएम ५८, ऑडिट ५०. बेरीज १५५. ग्रुप एक झाला.

वेगळे काय करता आले असते

एएफएम एकवीस मार्कांनी वर गेला आणि ग्रुप पाच मार्कांनी वाचला. बाकीच्या दोन पेपरांत मिळून नऊ मार्क गेले. एफआरमध्ये कन्सॉलिडेशनचा एक प्रश्न बिघडला असता तर हेच प्रकरण नापासाचे म्हणून लिहावे लागले असते.

पहिल्या दिवसापासून पाच-तीन-दोन ही वाटणी चूक होती. कमी पडलेल्या पेपराला जास्त तास द्यावेत हे ठीक, पण चार-चार-दोन पुरले असते. एएफएममधली निम्मी वाढ वेळेच्या शिस्तीतून आणि थिअरीतून आली, आणि त्या दोन्हींना फार तास लागलेच नाहीत.

मॉक सहाव्या आठवड्यात घेणे उशिराचे होते. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, तयारी अर्धवट असतानाच, तीनही पेपरांचा एक मॉक व्हायला हवा होता. ‘अभ्यास झाल्यावर मॉक देऊ’ या सबबीखाली तो पुढे ढकलला गेला. मे महिन्याच्या आधी तर एएफएमचा एकही पेपर तिने तीन तास लावून सोडवला नव्हता. सव्वा तासाचे एमसीक्यू तिथेच दिसले असते.

एफआर आणि ऑडिटच्या प्रतीही मागवायला हव्या होत्या. पास झालेल्या पेपरात गेलेले ४८ आणि ४६ मार्क कुठे गेले, हे कोणी पाहिलेच नाही. त्या हजार रुपयांत एफआरची घसरण थांबली असती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण तास वाटताना अंदाजाऐवजी कागद समोर असता.

क्लास न लावण्याचा निर्णय पुन्हाही तसाच घ्यावा असा आहे, मात्र या फोडीवर. संकल्पनेचे सातऐवजी पंचवीस मार्क गेले असते, तर आठ आठवड्यांत सप्टेंबर धरणे धाडसाचे ठरले असते आणि जानेवारीपर्यंत थांबून शिकणेच बरे होते. निदानाशिवाय दोन्ही सल्ले सारखेच आंधळे.

ग्रुप दोनबाबत मॅडमचे मत जानेवारी २०२६ ला बसावे असे होते. तिने मे धरला. डायरेक्ट टॅक्स आणि इनडायरेक्ट टॅक्स दोन्ही पहिल्यांदा वाचायचे आहेत, आणि घरून आणखी पैसे घेण्याऐवजी फर्मचे अर्धवेळ काम तिने स्वीकारले आहे. करांचे विषय पुढे ढकलले की सुधारणांचा नवा संच अंगावर येतो, हा त्यातला तोटा तिला माहीत आहे. ग्रुप दोनमधला सहावा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, पुस्तके उघडी ठेवून द्यायचा असतो आणि त्यातल्या केसमध्ये एफआर, एएफएम, ऑडिट सगळेच पुन्हा येते. त्यामुळे चुकांची वही आणि एफआरच्या नोट्स रद्दीत न देता दर रविवारी दोन तास त्यांच्यासाठी ठेवले आहेत. एका रविवारी एएफएम, दुसऱ्या रविवारी एफआर, समान तास.